आईचं कार्ड

माझी मुलगी दोन वर्षांची होऊन गेली तरी एक शब्द बोलत नव्हती, आणि आमचं घर असं की त्यात गप्प राहायचं तर त्याला वेगळी कला लागते. नवरा देवगड बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. दिवसभर धडधडत्या इंजिनावर आवाज चढवून बोलायची सवय, ती घरी येऊनही सुटत नाही. मीठ मागितलं तरी भांडण चाललंय असं वाटतं. सासू मांजराशी बोलते, नारळाशी बोलते, दूध उतू गेलं तर दुधाशी भांडते. सासरे आंब्याच्या कलमांकडे जाताना बोलत जातात आणि येताना तेच पुन्हा बोलत येतात. आणि या सगळ्या कोलाहलाच्या मधोमध आमची ही बाय पाटावर बसून, गाल फुगवून, शेंगदाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायची. हसायची, रुसायची, हवं ते बोटानं दाखवायची. पण शब्द नाही.

कोल्हापूरहून माझ्या आईचा रोज फोन. “बोलली का ग पोरगी?” मी म्हणायची, “नाही अजून.” मग, “तुला तरी आई म्हणाली का?” खरं सांगायचं तर मला दुसरं काहीच नको होतं. तिनं पाढे म्हणू नयेत, गाणी म्हणू नयेत, फक्त एकदा माझ्याकडे बघून मला हाक मारावी. शेजारच्या घरातलं हिच्यापेक्षा लहान पोर ‘आये, आये’ करत आईच्या पदराला लोंबकळायचं, ते बघितलं की मी उगाच घरात येऊन कपडे घड्या करत बसायची.

सासूला काळजी नव्हती. “हिचो बापूस पण उशिराच बोललो,” ती म्हणायची. “आता गप रव म्हटला तरी रवणा नाय.”

तरी मी हट्टानं मुलीला कणकवलीला नेलं. आधी कानांची तपासणी झाली. कान उत्तम निघाले. ते मला ठाऊकच होतं. माजघरात बिस्किटाचा पुडा फुटला की खळ्यातून, म्हणजे अंगणातून, धावत येणाऱ्या मुलीच्या कानांना काय झालंय? मग स्पीच थेरपिस्ट बाईंकडे गेलो. तरुण होत्या, बोलायला गोड. त्या मुलीबरोबर जमिनीवर बसून बराच वेळ खेळल्या आणि मग मला म्हणाल्या, “समज चांगली आहे हिची. घरी चित्रांची कार्डं दाखवा. पण परीक्षा घेऊ नका हं. ‘हे काय, ते काय’ असं विचारायचं नाही. तुम्ही नाव सांगायचं आणि जरा थांबायचं. ती बघेल, हसेल, बोट दाखवेल. तेही बोलणंच आहे.”

मी मान डोलावली. पण मी गणिताच्या शिकवण्या घेते. प्रश्न टाकला की उत्तर आलंच पाहिजे, हे माझ्या रक्तात. बसस्टँडजवळच्या दुकानातून फ्लॅशकार्डांचा डबा घेतला आणि देवगडच्या एसटीत बसल्या बसल्या तो उघडून मुलीच्या नाकासमोर कार्ड धरलं. “हे काय? बघ बरं. हे काय?” मुलीनं कार्ड बघितलं, मला बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड वळवलं. मागच्या सीटवरची बाई पुढे वाकून म्हणाली, “सफरचंद ता.” तेवढं एक उत्तर मिळालं.

घरी कार्डांचं स्वागत जोरात झालं. बाय बाजूलाच राहिली, मोठ्यांनीच ती हातात घेतली. झेब्रा निघाला, स्ट्रॉबेरी निघाली, मग बर्फाचं घर निघालं. सासूनं ते कार्ड उलटसुलट करून बघितलं.

“ह्यां काय गो?”

“बर्फाचं घर आहे आई. थंड प्रदेशात माणसं राहतात त्यात.”

“बर्फात म्हावरा ठेवतत,” सासू म्हणाली. “माणसां कसली ऱ्हवतत?”

पण खरा कहर केला माशाच्या कार्डानं. केशरी रंगाचा मासा, ओठ मोठे, डोळ्याला पापण्या आणि वर बुडबुडे. थेरपिस्ट बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी नाव सांगितलं, “मासा.” आणि थांबले. मुलगी बघत होती. तेवढ्यात सासऱ्यांनी चष्मा लावला. “मासो तो दिसताच आसा. पण कसलो?”

आता आमच्याकडे नुसता ‘मासा’ असा काही प्रकारच नसतो. बांगडा असतो, पेडवे असतात, मोरी असते. कोल्हापूरच्या माझ्या माहेरी मासा म्हणजे मासा, बुधवारच्या बाजारातला. इथे सकाळी दारात येणारी प्रत्येक टोपली म्हणजे वेगवेगळ्या ओळखीची माणसं.

“तांबोशी,” सासरे म्हणाले. “रंग बघ.”

“तांबोशेचा तोंड असा नसता,” सासू म्हणाली. “ही राणी.”

“राणी एवढी रुंद खंय असता?”

नवरा हातपाय धुऊन आला आणि बघता क्षणी त्यानं निकाल दिला, “ह्यो शिळो आसा. डोळो बघ केदो झालो तो!”

वाद जेवणापर्यंत चालला. हा तिकल्यात, म्हणजे तिखट कालवणात, घालायचा की तळायचा, यावरही दोन तट पडले. मी मधे मधे म्हणत होते, “अहो, तिला नाव घेऊ द्या,” पण माझं कोण ऐकतंय? मुलीची मान मात्र या तोंडाकडून त्या तोंडाकडे फिरत होती आणि डोळे चमकत होते. शेवटी ती उठली, आजोबांच्या हातातलं कार्ड ओढून घेतलं आणि तरातरा जाऊन मांजरापुढे ठेवलं. मांजरानं हुंगलं, शेपूट उडवली आणि ते निघून गेलं. आमच्या घरात एवढा हशा कधी झाला नव्हता. मुलगीही हसत हसत लोळली. त्या रात्री फोनवर आईला मी पहिल्यांदा मुलीच्या न बोलण्याऐवजी तिनं काय केलं ते सांगितलं.

पुढच्या खेपेला थेरपिस्ट बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग तिच्या घरातलीच कार्डं करा ना. मालवणी नावं सांगा. जे तिच्या कानावर पडतं तेच तोंडात येणार.”

नवऱ्यानं मोबाईलवर फोटो काढले. बांगडा, सोलकढीची वाटी, विहिरीवरची बालदी, मांजर, आजोबांची काठी, आणि रोज सकाळी हॉर्न वाजवत येणाऱ्या मासेवाल्याची स्कूटर. देवगडच्या स्टुडिओतून ते छापून आणले. चिकटवायला जाड पुठ्ठा हवा होता, म्हणून मी कपाटावरच्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या. नातेवाइकांच्या पत्रिकांइतका भारी कागद बाजारातही मिळत नाही. खळ्यात बसून मी खळ लावून फोटो चिकटवत होते आणि सासरे बघत होते. अचानक ते ओरडले, “गो, थांब थांब!”

मी दचकले. त्यांनी बांगड्याचं कार्ड उलटं केलं. मागे सोनेरी गणपती.

“एका बाजूक गणपती आणि दुसऱ्या बाजूक बांगडो? सोमवारी कसा चलतला ह्यां?”

सासूनं कपाळावर हात मारला. “घाटावरल्या सुनेक सोवळा-ओवळा शिकवचा तरी कसा!” मग सासऱ्यांनी स्वतः कात्री घेतली आणि शिल्लक सगळ्या पत्रिकांवरचे गणपती एकेक करून कापून काढले. ते सगळे देवघरात गेले. तिथे आधीच जागा कमी, त्यात आता गणपतींची रांग लागली. आणि घरात नवा नियम आला. सोमवारी बांगड्याचं कार्ड फळीवर ठेवायचं. कुणकेश्वराच्या पंचक्रोशीत सोमवारी घरात मासे शिजत नाहीत, तर चित्रातला तरी का फिरवायचा? मला हसू आवरेना, पण पहिल्याच सोमवारी गंमत झाली. मुलीनं सगळी कार्डं उलथीपालथी केली, बांगडा सापडेना. ती भडकली. आजीचा हात धरून तिला फळीखाली नेलं आणि वर बोट करून पाय आपटले. आजी म्हणाली, “उद्या, बाये. आज सोमवार.” असं संभाषण चाललं होतं आणि त्यात शब्द फक्त एकीकडे होते, तरी ते संभाषणच होतं. बाई म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा कुठे पटलं.

थोड्याच दिवसांनी स्कूटरचं कार्ड हातात घेऊन ती म्हणाली, “पों!” मी पोळपाट सोडून धावले. नवऱ्याला फोन केला, त्यानं इंजिन बंद करून ऐकलं. ‘पों’ म्हणजे स्कूटर, ‘पों’ म्हणजे मासेवाला, ‘पों’ म्हणजे सकाळही. एका ‘पों’मध्ये तिचं बरंच जग भागत होतं. आम्ही सगळे तिच्याबरोबर ‘पों पों’ करत घरभर फिरलो.

पण मला हवं होतं ते येत नव्हतं. म्हणून मी एक कार्ड गुपचूप करवून घेतलं होतं. माझंच. साडी नेसून, गजरा घालून फोटो काढायचा माझा विचार होता. नवरा म्हणाला, “तसा बघून चेडू ओळखूचा नाय तुका.” त्यानं मी विहिरीवर गाऊनमध्ये बालदी उचलत असताना क्लिक केला. केस विस्कटलेले, चेहरा वैतागलेला. कार्ड म्हणून मात्र अगदी खरं. खाली मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आई’.

सगळे बसलेले असताना मी ते तिच्यापुढे धरलं. “आई,” म्हटलं. थांबले. मग माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. “आई कुठाय? दाखव बरं, आई कुठाय?”

मुलीनं कार्ड घेतलं. नीट बघितलं. हसली. उठली आणि माझ्या बाजूनं पुढे जाऊन सासूच्या पदराला धरून उभी राहिली.

सगळे हसले. मीही हसले. सासू म्हणाली, “माका आई म्हणता ता!” आणि तिला उचलून घेतलं. मी उठून मोरीत गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला स्वतःचाच राग येत होता, की सासूचा हेवा करतेस काय? पण हेवा वाटत होता, ते खरंच आहे. ते कार्ड मी डब्यात सगळ्यांत खाली टाकलं.

मे महिना आला. शिकवण्या बंद झाल्या, आंब्याच्या पेट्या गेल्या आणि घरात आमसुलांची कामं सुरू झाली. कोकमं फोडायची, सालं रसात बुडवायची, खळ्यात उन्हाला घालायची, पुन्हा बुडवायची. माझे हात कोपरापर्यंत लाल. आणि त्याच दिवसांत आमच्या घरात ते भांडण सुरू झालं.

मी खळ्यात आमसुलं परतत असायची. आतून हाक यायची, “गो!” या घरात मला नावानं कोण हाक मारतं? सासू म्हणते ‘गो’, सासरे म्हणतात ‘गो’, नवरा म्हणतो ‘गो’, कुंपणापलीकडची शेजारीणही ‘गो, आसस काय?’ म्हणूनच ओरडते. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मी मागे वळून बघायची, हे बोलावतायत तरी कुणाला? आता ‘गो’ कानावर पडलं की पाय आपोआप उचलतात. मीही आता ‘आले’ न म्हणता इथल्यासारखं ओरडायची, “इलंय!” हात झटकत पडवी ओलांडून थेट स्वयंपाकघरात. “काय ओ आई?”

सासू चुलीपुढून वर बघायची. “काय काय?”

“हाक मारलीत ना?”

“मी खंय हाक मारलंय?”

मी परत खळ्यात. जरा वेळानं पुन्हा, “गो!” पुन्हा मी आत. पुन्हा सासूचं तोंड वाकडं. “कान वाजतत तुझे. चेडवाचे कान तपासून इलंस, आता तुझेय तपासून घे.”

असं रोज व्हायला लागलं. मला मनात भीती वाटली, की आई आता विसरायला लागल्या की काय. हाक मारतात आणि त्यांच्या लक्षातच राहत नाही. मी नवऱ्याला हळूच सांगितलं. “गंमत आसा,” तो म्हणाला. “सकाळी आयेन माका सांगितल्यान, तुझ्या बायलेक कायतरी होता, कोण बोलवणा नाय तरी ‘इलंय इलंय’ करून धावता, डॉक्टराक दाखव.” आम्ही सासऱ्यांना साक्षीदार करायला गेलो. ते खाकरले आणि म्हणाले, “माका आयकाक येणा नाय. माका ह्यात घेव नको.” हे साफ खोटं होतं. चहा झाल्याचं त्यांना कलमांतून ऐकू येतं.

मग एक सोमवार. सासू दुपारी शेजारणीबरोबर कुणकेश्वराला गेली होती. सासरे कलमांत, नवरा बंदरात. बाय पडवीत कार्डं पसरून बसली होती आणि मी समोर खळ्यात उन्हाकडे पाठ करून आमसुलं परतत होते.

“गो!”

“इलंय ओ!” मी म्हटलं, आणि दोन पावलं टाकली. मग थांबले. सासू घरात नव्हती.

हातातून लाल रस ठिबकत होता. समुद्राचा आवाज येत होता, दुसरा कुठलाच नाही.

“गो!”

बारीक आवाज, पण हुकूम सासूचाच. तीच ओढ, तोच शेवटचा झटका. मी पडवीच्या पायरीशी येऊन बघितलं. मुलगी कार्डांच्या मधोमध बसली होती. डब्याच्या तळाशी टाकलेलं माझं कार्ड तिनं उकरून काढलं होतं, ते तिच्या मांडीवर होतं. पण ती कार्डाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

“गो,” ती म्हणाली. आणि वाट बघत राहिली.

मी पायरी चढून तिच्यापुढे बसले आणि म्हटलं, “इलंय.”

ती खदखदून हसली आणि दोन्ही हात वर केले.

तेव्हा मला सगळं कळलं. या घरात ‘आई’ म्हणजे सासू, कारण मीच तिला दिवसभर आई म्हणत होते. आणि माझं नाव ‘गो’. मुलीनं काहीही चुकवलं नव्हतं. इतके दिवस ती मला हाक मारत होती, मी ‘इलंय’ म्हणत धावत येत होते, आणि तिच्या अगदी शेजारून स्वयंपाकघरात निघून जात होते. आणि तरी ती कंटाळली नव्हती. पुन्हा पुन्हा बोलावत राहिली होती.

मी तिला उचललं, तिचा फ्रॉक कोकमानं लाल झाला, माझा चेहरा लाल झाला, आणि आम्ही दोघी पडवीत गोल गोल फिरलो. मी रडत होते. तिला वाटलं हाही खेळच आहे. ती म्हणे “गो!”, मी म्हणे “इलंय!”, आणि किती वेळ चाललं कुणास ठाऊक. आमसुलं त्या दिवशी एका बाजूनंच सुकली.

सासू देवळातून आली. आमचा अवतार बघून आधी घाबरली, मग मी सांगितलेलं ऐकून म्हणाली, “भासला आसतला तुका.” मी मुलीला म्हटलं, “बोल ना, बोल.” मुलीनं ओठ घट्ट मिटले. अर्थातच. परीक्षा कुणाला आवडते? सासूनं विजयी चेहऱ्यानं प्रसादाचा नारळ ठेवला. मी हिरमुसून खळ्यात परत गेले.

“गो!” आतून.

आणि मग सासूचा आवाज, इतका मोठा की कलमांतून सासरे धावत आले, “गो! अगो, ये हंय! चेडू तुका बोलवता! मी सांगी होतंय तुका, मी हाक मारूक नाय!”

त्या संध्याकाळी मी माझ्या कार्डावरचं ‘आई’ खोडलं आणि त्याखाली ‘गो’ लिहिलं. सासऱ्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि ते म्हणाले, “अक्षर बरा आसा.”

मग कोल्हापूरचा फोन आला. आईनं नेहमीप्रमाणे विचारलं, “बोलली का ग पोरगी?”

“बोलली.”

“काय सांगतेस! आई म्हणाली?”

“नाही. गो म्हणाली.”

“गो म्हणजे काय ग?”

“म्हणजे मी, आई.”

ती काहीतरी विचारत होती, पण मला नीट ऐकू आलं नाही, कारण आतून आवाज आला होता. “ठेवते ग फोन,” मी म्हटलं. “मला हाक मारतेय.”